व्हिसलरच्या वीस हायड्रोजन बस: एका प्रयोगाची चार वर्षं

३१ मार्च २०१४ ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हिसलर या डोंगरी गावात वीस हायड्रोजन बसचा ताफा सेवेतून काढून घेण्यात आला. चारच वर्षांपूर्वी, २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी, फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या बसचा जगातला सर्वांत मोठा ताफा म्हणून याच गाड्या जगभरच्या पाहुण्यांना दाखवल्या होत्या. बसची खरेदी, हायड्रोजन भरण्याचं केंद्र आणि चालवण्याचा खर्च मिळून या कार्यक्रमाचा आकडा ८ कोटी ९५ लाख कॅनेडियन डॉलर होता. एकेक बस वीस लाख डॉलरच्या वर गेली होती. त्या उभ्या राहिल्यावर त्यांच्या मार्गांवर साध्या डिझेल बस आल्या.

हायड्रोजन महाग होता म्हणून प्रयोग बंद पडला, असा निकाल बहुतेक जण एका वाक्यात लावून टाकतात. ते खोटं नाही, पण त्यावर थांबलं तर या प्रकरणातून हाती काहीच लागत नाही. माझ्या मते या ताफ्याचं भवितव्य पहिली बस रस्त्यावर येण्याआधीच ठरून गेलं होतं. इंधन कुठून येणार, बिघाड झाला तर गाडीच्या पोटातलं काम कोण करणार आणि अनुदान संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचं बिल कोण भरणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तेव्हा तात्पुरती दिली गेली होती. बस बिचारी त्या मानाने बरीच निभावली. सगळ्या गाड्यांनी मिळून ४० लाख किलोमीटरच्या आसपास धाव घेतली, तीही बर्फाच्या प्रदेशात, चढ-उताराच्या रस्त्यांवर, रोजचे प्रवासी घेऊन.

आधी हे व्हिसलरमध्येच का घडलं ते पाहू. व्हँकुव्हरच्या उत्तरेला सुमारे १२५ किलोमीटरवरचं हे गाव. कायमची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या घरात आणि हिवाळ्यात स्कीइंगसाठी येणाऱ्यांची प्रचंड गर्दी. हायड्रोजनशी त्याचा स्वतःचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो व्हँकुव्हर परिसराचा. जेफ्री बॅलार्ड यांनी १९७९ मध्ये तिथे सुरू केलेली बॅलार्ड ही कंपनी फ्युएल सेलच्या क्षेत्रातलं जगातलं अग्रगण्य नाव झाली होती. १९९३ मध्ये तिने फ्युएल सेलवरची पहिली बस चालवून दाखवली. नव्वदच्या दशकाअखेर शिकागो आणि व्हँकुव्हरमध्ये प्रत्येकी तीन बसची चाचणी झाली. पुढे युरोपातल्या नऊ शहरांत २००३ पासून ज्या मर्सिडीज सिटारो हायड्रोजन बस धावल्या, त्यांच्यातही बॅलार्डचेच फ्युएल सेल होते. प्रांताला या उद्योगाचा अभिमान होता आणि त्याचं मोठं काही करून दाखवायची इच्छाही होती.

२००३ मध्ये व्हँकुव्हरला ऑलिंपिकचं यजमानपद मिळालं. २००४ मध्ये पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी ‘हायड्रोजन हायवे’ची घोषणा केली: व्हँकुव्हर, व्हिक्टोरिया आणि व्हिसलर यांना जोडणारी हायड्रोजन केंद्रांची साखळी. प्रांताचे प्रमुख गॉर्डन कॅम्पबेल यांनी ती कल्पना उचलून धरली. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यासोबत ही साखळी थेट दक्षिणेपर्यंत नेण्याच्या गोष्टी झाल्या. २००७ मध्ये वीस बसचा करार झाला. केंद्र सरकारने साडेचार कोटी डॉलर दिले आणि उरलेला भार प्रांत, बीसी ट्रान्झिट ही प्रांतिक बससंस्था आणि व्हिसलरची नगरपालिका यांनी उचलला.

त्याच २००७ च्या अखेरीस बॅलार्डने आपला मोटारगाड्यांसाठीच्या फ्युएल सेलचा व्यवसाय डाइमलर आणि फोर्डकडे सोपवायचं ठरवलं. हायड्रोजन मोटार लवकर येणार नाही, असा त्या निर्णयाचा सरळ अर्थ होता. मोटारी नसतील तर हायड्रोजनची केंद्रं कोण उभारणार? आणि केंद्रांची साखळी नसेल तर व्हिसलरचं एकटं केंद्र कुणाच्या आधारावर टिकणार? हे प्रश्न तेव्हाच ऐरणीवर यायला हवे होते. पण ऑलिंपिकची तारीख पक्की होती. तारीख ठरलेली असली की प्रकल्पातले अवघड प्रश्न मागे सरकतात, हे आपल्याकडच्या उद्घाटनांमध्येही आपण पाहतोच.

आता गाडी. न्यू फ्लायर कंपनीची बारा मीटरची, खालच्या पायरीची, एच४०एलएफआर नावाची बस. मागे बॅलार्डचा १५० किलोवॅटचा फ्युएल सेल, टपावर ३५० बार दाबाने हायड्रोजन साठवणाऱ्या टाक्या, सोबत लिथियम बॅटऱ्या आणि चाकं फिरवायला विजेच्या मोटारी. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंना येतात. त्यातून वीज तयार होते आणि बाहेर पडते ती फक्त पाण्याची वाफ. ही वीज थेट मोटारीला मिळते. चढावर जास्त ताकद लागली की बॅटरी मदतीला येते आणि उतारावर ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज बॅटरीत परत जाते. म्हणजे हायड्रोजन बस ही मुळात हायब्रिड बसच असते. डिझेल इंजिनाच्या जागी फ्युएल सेल बसवलेला असतो, इतकंच. हायब्रिडची सगळी दुखणी तिला वारशाने मिळतात आणि वर हायड्रोजनची वेगळी.

ही दुखणी काय असतात ते टोरोंटोला ठाऊक होतं. तिथल्या बससंस्थेने २००६ पासून शेकडो डिझेल-हायब्रिड बस घेतल्या. २० ते ३० टक्के इंधन वाचेल असं गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात बचत १० टक्क्यांच्या आसपास अडकली. शिशाच्या बॅटऱ्या पाच वर्षं टिकायला हव्या होत्या, त्या दीड वर्षात बदलाव्या लागू लागल्या. गर्दीच्या रस्त्यावर, दर दोनशे मीटरला थांबत जाणाऱ्या बसला हायब्रिडचा फायदा होतो, कारण ब्रेकची ऊर्जा पुन्हा पुन्हा परत मिळते. उपनगरातल्या मोकळ्या रस्त्यावर तीच बस बॅटरीचं वजन वाहत साध्या डिझेल बससारखी चालते. लंडनच्या नव्या दुमजली हायब्रिड बसच्या बाबतीतही २०१५ पर्यंत उघड झालं, की बॅटऱ्या निकामी झाल्यामुळे त्यांतल्या कित्येक गाड्या निव्वळ डिझेलवर धावत होत्या. हायब्रिडचं तंत्र वाईट नाही. बस कोणत्या मार्गावर जाणार हे न पाहता घेतलेला हायब्रिड मात्र वाया जातो.

व्हिसलरमध्ये थंडीची भर पडली. फ्युएल सेलच्या पडद्याला ओलावा लागतो आणि त्यातून पाणीही तयार होतं. शून्याखाली तापमान गेलं की हेच पाणी गोठतं. बस बंद करताना आत पाणी राहिलं तर सकाळी ती सुरू होताना त्रास देते. पहिल्या हिवाळ्यापासूनच थंडीतल्या अडचणी समोर आल्या. गाडीत प्रवाशांना ऊब द्यायची तर त्यालाही ऊर्जा लागते आणि डिझेल इंजिनाची जी फुकटची उष्णता मिळते, तेवढी इथे नसते.

या ताफ्याचं मूल्यमापन अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने केलं आणि अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवले. या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट मला हीच वाटते. बाहेरच्या संस्थेने मोजमाप केल्यामुळे आज आपल्याला आकडे माहीत आहेत. जिथे असं मोजमाप झालं नाही, तिथे उद्घाटनाच्या फोटोपलीकडे काही उरत नाही. त्या अहवालांप्रमाणे बस सेवेसाठी उपलब्ध असण्याचं प्रमाण दोन-तृतीयांशाच्या घरात राहिलं. शहर बससेवेत ८५ टक्के हे किमान मानतात. शंभर किलोमीटरला साधारण साडेपंधरा किलो हायड्रोजन लागत होता आणि तो किलोला दहा डॉलरहून महाग पडत होता. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे दीड डॉलरहून जास्त फक्त इंधनावर. डिझेल बसच्या इंधनखर्चाच्या दुपटीपलीकडे हा आकडा जातो. देखभालीचा खर्चही डिझेलपेक्षा बराच जास्त होता.

गाड्या उभ्या राहण्यामागे एकटा फ्युएल सेल नव्हता. बॅटऱ्या, हायब्रिड ड्राइव्ह, पंप, वातानुकूलन अशा आजूबाजूच्या गोष्टींनीही आगारात गाड्या अडकवल्या. आणि इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. फ्युएल सेल, बॅटरी आणि मोटार यांची सांगड घालणारी ड्राइव्हची यंत्रणा कॅलिफोर्नियातल्या आयएसई या कंपनीची होती. ऑलिंपिक संपून सहा महिनेही होत नाहीत तोच, ऑगस्ट २०१० मध्ये, आयएसईने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. पुढे तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीने घेतली, पण ही यंत्रणा ज्यांनी बांधली ते अनुभवी लोक आणि सुट्या भागांचा पुरवठा यांचा भरवसा उरला नाही.

डिझेल बसचा मेकॅनिक तालुक्याच्या गावातही मिळतो. वीस गाड्यांच्या खास यंत्रणेचा जाणकार जगात मोजक्या लोकांपैकी एखादा असतो. त्याची कंपनी बुडाली तर आगाराच्या मॅनेजरने कुणाकडे जायचं? ताफा दोनशेचा असता तर कुणीतरी सुटे भाग बनवले असते. वीस गाड्यांसाठी कुणी बनवत नाही. प्रायोगिक बस कुठेही चालवा, ही अडचण येतेच. म्हणूनच अशा करारात नकाशे, सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांचा साठा यांची तजवीज बसच्या किमतीपेक्षा जास्त काळजीने करायला हवी.

आता इंधन. व्हिसलरमधलं केंद्र त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं हायड्रोजन बस केंद्र होतं. दिवसाला हजार किलोपर्यंत हायड्रोजन देण्याची त्याची क्षमता होती. पण हायड्रोजन तिथे तयार होत नव्हता. तो येत होता क्युबेक प्रांतातल्या बेकानकूरहून, एअर लिक्विड कंपनीच्या कारखान्यातून, उणे २५३ अंशाला द्रवरूप करून, टँकरमध्ये भरून, रस्त्याने. हे अंतर साडेचार हजार किलोमीटरहून जास्त आहे. आपल्याकडे श्रीनगरहून कन्याकुमारीला गेलं तरी पावणेचार हजार किलोमीटरच्या आत काम होतं. दर खेपेला टँकर जवळपास पूर्ण कॅनडा ओलांडत होता.

याचा साधा हिशेब मांडून पाहिला. द्रव हायड्रोजनच्या एका टँकरमध्ये साधारण साडेतीन टन माल येतो असं धरू. साडेपंधरा किलोच्या हिशेबाने त्यात बस मिळून साडेबावीस हजार किलोमीटर धावतील. एवढ्याच अंतराला, डोंगरी रस्त्यावर लिटरला दोन किलोमीटर देणाऱ्या डिझेल बसना सव्वाअकरा हजार लिटर डिझेल लागलं असतं. टँकरची ये-जा नऊ हजार किलोमीटरची. लिटरला सव्वादोन किलोमीटर धरले तर चार हजार लिटर डिझेल टँकरनेच जाळलं. म्हणजे वाचलेल्या डिझेलपैकी एक-तृतीयांशाहून जास्त वाहतुकीतच गेलं, आणि हायड्रोजन द्रवरूप करायला लागणारी ऊर्जा अजून हिशेबात धरलेलीच नाही. एका किलोला ती दहा युनिटच्या वर जाते. एका किलो हायड्रोजनमध्ये एकूण ऊर्जा आहे ३३ युनिट, त्यामुळे जवळपास एक-तृतीयांश तिथे खर्ची पडते. शिवाय टाकीत ठेवलेला द्रव हायड्रोजन हळूहळू उडून जात असतो. बस जास्त दिवस आगारात उभ्या राहिल्या की हे नुकसान वाढतं.

विजेचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नासहून जास्त युनिट लागतात आणि द्रवीकरण धरलं तर पासष्टच्या आसपास. शंभर किलोमीटरला साडेपंधरा किलो म्हणजे सुमारे एक हजार युनिट. तीच वीज बॅटरीच्या बसमध्ये भरली तर चढ आणि थंडी धरूनही शंभर किलोमीटरला दोनशे युनिटच्या आसपास पुरतात. पाचपट फरक. ब्रिटिश कोलंबिया जलविद्युतेत श्रीमंत आहे म्हणून तिथे हे चालून जाईल असं कुणी म्हणेल, पण मग त्याच विजेवर चार गाड्या जास्त का चालवू नयेत?

मात्र २००७ मध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तेव्हा बॅटरीवरची मोठी शहर बस बाजारात जवळजवळ नव्हती. लिथियम बॅटरी महाग होती. २०१० ते २०२० या दहा वर्षांत तिची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. हे कुणी २००७ मध्ये खात्रीने सांगू शकलं नसतं. त्यामुळे हायड्रोजन निवडला हा गुन्हा नव्हता.

पण एक पर्याय होता आणि तो तासा-दोन तासांच्या अंतरावर डोळ्यांसमोर धावत होता. व्हँकुव्हरमध्ये १९४८ पासून ट्रॉलीबस आहेत. वरच्या तारांतून वीज घेऊन, रबरी टायरवर चालणाऱ्या. २००६ ते २००९ या काळात तिथे २६२ नव्या ट्रॉलीबस आल्या आणि त्याही न्यू फ्लायरच्याच. त्यातल्या बारा मीटरच्या गाडीचं नाव ई४०एलएफआर. व्हिसलरची गाडी एच४०एलएफआर. एकच कारखाना, एकच सांगाडा, एकच प्रांत, तीच वर्षं. एकीकडे सत्तर वर्षांहून अधिक टिकलेली विजेची बस, दुसरीकडे चार वर्षांची हायड्रोजन बस. तारा ओढणं महाग असतं आणि व्हिसलरच्या पसरलेल्या मार्गांवर ते परवडलं नसतं, हे मान्य. पण हवा स्वच्छ ठेवणं हा हेतू होता तर एवढा पैसा व्हँकुव्हरच्या आणखी एखाद्या गर्दीच्या मार्गावर तारा टाकायला लावला असता, तर त्याचं फळ आजही दिसलं असतं. ट्रॉलीबस जुनी म्हणून कुणी फीत कापायला येत नाही, हीच तिची अडचण.

तिसरा प्रश्न पैशांचा. पाच वर्षांच्या प्रात्यक्षिकाची मुदत मार्च २०१४ पर्यंत होती. तोवर जास्तीचा खर्च कार्यक्रमातून भागत होता. त्यानंतर बस चालवायच्या तर फरकाचा भार प्रांत आणि व्हिसलरच्या करदात्यांवर येणार होता. दहा हजार वस्तीच्या गावाने तो का उचलावा? २०१० च्या नोव्हेंबरमध्ये कॅम्पबेल यांनी पद सोडण्याची घोषणा केली आणि २०११ मध्ये क्रिस्टी क्लार्क प्रांतप्रमुख झाल्या. ज्यांनी हा प्रकल्प आपला म्हणून पुढे रेटला, ते गेले. हायड्रोजन हायवेवर मोटारी कधी आल्याच नाहीत, त्यामुळे केंद्राचा खर्च वाटून घ्यायला दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. बंद करण्याचा निर्णय या परिस्थितीत योग्यच होता. चूक निर्णयात नव्हती. ‘सहाव्या वर्षाचं काय’ हा विचार पहिल्या वर्षी झाला नाही, चूक तिथे होती.

गाड्यांचं पुढे काय झालं? त्या काही महिने तशाच ठेवल्या गेल्या आणि २०१४ च्या अखेरीस विकून, डिझेलवर रूपांतर करण्याच्या वाटेला लावल्या गेल्या. एका शहर बसचं आयुष्य बारा वर्षांहून जास्त धरतात. इथे एक-तृतीयांशात शेवट झाला. मला सर्वांत खटकते ती ही बाब. वीस गाड्यांपैकी चार-पाच जरी चालू ठेवून, फ्युएल सेल किती हजार तास टिकतो, थंडीत पडद्याची झीज कशी होते, हे पुढची पाच वर्षं मोजलं असतं, तर त्या माहितीची किंमत ताफ्याच्या भंगार किमतीपेक्षा कितीतरी जास्त झाली असती. प्रयोग म्हणून घेतलेली गोष्ट रोजच्या सेवेचा कणा करून ठेवली, म्हणून ती बंद करताना सगळीच बंद करावी लागली. वीसऐवजी पाच घेतल्या असत्या तर? पण पाच बसचा ताफा जगातला सर्वांत मोठा ठरत नाही.

व्हिसलरवरून हायड्रोजन बसचा विषय संपला असं म्हणता येत नाही. बॅलार्डने त्यानंतर चीनमध्ये मोठा व्यवसाय केला. जर्मनीत कोलोनच्या आसपासच्या बससंस्थेने हायड्रोजन बसचा मोठा ताफा उभारला आणि तो चालू आहे. शेजारी ह्यूर्थचा रासायनिक उद्योग आहे आणि तिथे दुसऱ्या प्रक्रियेतून हायड्रोजन आपसूक बाहेर पडतो. साडेचार हजार किलोमीटरऐवजी शेजारच्या गावातून. उलट फ्रान्समधल्या माँपेलिएने जानेवारी २०२२ मध्ये ५१ हायड्रोजन बसची योजना रद्द केली, कारण त्यांच्या हिशेबाने हायड्रोजनवर किलोमीटरला ९५ युरो सेंट पडत होते आणि विजेवर १५. जर्मनीतल्याच वीसबाडेनमध्ये हायड्रोजन भरण्याचं केंद्र बिघडलं आणि दहा बसचा ताफा वर्षभरातच गुंडाळावा लागला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थने २००४ ते २००७ तीन बस चालवल्या, ठरलेली मुदत संपल्यावर थांबल्या. तिथे हायड्रोजन क्विनानाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून येत होता. तीनच बस, जवळचं इंधन, आधीच ठरलेला शेवट. प्रयोगाला शोभेल असा आकार मला तरी तो वाटतो.

मराठी वाचकाने हे सगळं का वाचावं? कारण धागा इथवर येतो. व्हिसलरचा ताफा बंद झाला त्याच २०१४ मध्ये बॅलार्डने टाटा मोटर्सला फ्युएल सेल पुरवण्याचा करार केला आणि त्यात मुंबईत चालवायच्या बसचा उल्लेख होता. जानेवारी २०१७ मध्ये टाटा मोटर्सने पुण्यात आपल्या नव्या बस दाखवल्या, त्यात विजेवरच्या, हायब्रिड आणि फ्युएल सेलच्या अशा सगळ्या शेजारीशेजारी होत्या. त्यातली हायब्रिड खरोखर मुंबईत आली. एमएमआरडीएने २५ डिझेल-हायब्रिड बस घेतल्या आणि मार्च २०१८ मध्ये त्या वांद्रे-कुर्ला संकुलासाठी बेस्टमार्फत रस्त्यावर उतरल्या. मुंबईच्या त्यानंतरच्या मोठ्या मागण्या हायब्रिडच्या नव्हत्या. त्या विजेवरच्या आणि सीएनजीवरच्या बसच्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून बनवलेली देशी फ्युएल सेल बस दाखवण्यात आली. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनखाली ३७ हायड्रोजन बस-ट्रक आणि नऊ केंद्रांच्या प्रायोगिक योजना मंजूर केल्या. त्यातल्या मार्गांत पुणे-मुंबईही आहे.

पुणे-मुंबई मार्गावर घाट आहे, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच रस्त्यावर एसटीची ई-शिवनेरी बॅटरीवर आधीच प्रवासी वाहून नेते आहे. व्हिसलरच्या वेळी बॅटरीची बस तुलनेला नव्हती, इथे ती रोज समोर धावते. घाट उतरताना ब्रेकची वीज बॅटरीत परत घेणं तिलाही जमतं. म्हणून या मार्गावरच्या हायड्रोजन वाहनाची बेरीज-वजाबाकी डिझेलशी लावून समाधान मानू नये. ती ई-शिवनेरीच्या प्रतिकिलोमीटर खर्चाशी लावावी. अवजड ट्रकचं गणित कदाचित वेगळं निघेल, कारण तिथे बॅटरीचं वजन मालाची जागा खातं. ते मोजून पाहायला हा मार्ग उत्तम आहे.

इंधनाचा उगमही आधीच जाहीर व्हायला हवा. नैसर्गिक वायूपासून केलेल्या एका किलो हायड्रोजनमागे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. व्हिसलरइतका वापर झाला तर शंभर किलोमीटरला दीडशे किलो. डिझेल बसचा आकडा १३५ किलोच्या आसपास येतो. आजच्या हायड्रोजन बस निम्म्या इंधनात चालतात आणि तेव्हा आकडा डिझेलच्या खाली जातो, पण ‘धूर शून्य’ असं पाटीवर लिहिण्याइतका नक्कीच नाही. हायड्रोजन सौर किंवा पवनऊर्जेवर तयार होणार असेल तर कारखाना कुठे आहे आणि टँकर किती किलोमीटर येणार आहे, हे दोन आकडे वाहनासोबतच छापले जावेत. दर महिन्याला किती दिवस गाडी चालली, किती दिवस उभी राहिली आणि कशामुळे, हेही बाहेरच्या संस्थेने मोजून जनतेसमोर ठेवावं. आणि अनुदानाची मुदत संपल्यानंतर वाहनं कोणाच्या नावावर असतील, सुटे भाग कोण देईल आणि इंधनाच्या फरकाचं बिल कोणत्या खात्यातून जाईल, हे पहिल्या निविदेतच लिहिलेलं असावं.